दोन भोकांचा लॅपटॉप

आमच्या दूध संकलन केंद्रातला जुना लॅपटॉप उचलायला दोन हात लागायचे. जाड, काळा, कडेचं प्लास्टिक निघालेला. त्याचा पडदा मागे कलंडायचा म्हणून पाठीशी एक वीट उभी करून ठेवलेली असायची. एक बटण उडालेलं, तिथे मी नख रुतवून काम भागवायचे. बॅटरीनं तर केव्हाच राम म्हटला होता. लाइट गेली की तोही गेला. पण भोकं मात्र त्याला मागाल तेवढी. एकात वजनकाट्याची वायर, एकात फॅट मशीनची, एकात पावतीच्या प्रिंटरची, एकात माऊसची, आणि मागच्या रुंद, पिनांच्या भोकात बाहेरच्या बोर्डाची. मी त्याला गोठा म्हणायचे, कारण सगळ्यांची दावी त्याच्याच खुंटीला.

शेवगावपासून थोडं आत आमचं गाव. घराची पुढची खोली म्हणजेच केंद्र. सकाळ-संध्याकाळ लोक गाईचं दूध घालायला येतात. आमचे हे दूध काट्यावर ओततात, त्यातलं चमचाभर मशीनला लावतात, आणि वजन नि फॅट माझ्यासमोर लॅपटॉपवर उमटतं. फॅटवर दुधाचा दर, त्यामुळे त्या एका आकड्यावर सगळ्यांचा जीव टांगलेला.

तोच आकडा बाहेर दारावरच्या बोर्डावरही उमटायचा. बोर्ड म्हणजे पत्र्याची एक पेटी आणि तिच्यात लाल दिव्यांचे आकडे, वर लिटर, खाली फॅट. कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण आमच्याकडे आपलं दूध घातलं की लगेच पाय काढायची पद्धत नव्हती. रिकामी किटली हातात धरून थांबायचं, पुढच्याचा आकडा बघायचा, मगच घरी जायचं. का, ते कोणाला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. मलाही कधी विचारावंसं वाटलं नाही.

आमचे एक भाऊजी आहेत, ह्यांचे लांबचे चुलतभाऊ. गोठ्यात गाई भरपूर आणि गळ्यात आवाज त्याहून मोठा. ते आपलं दूध घालून झालं तरी बोर्डाखालच्या कट्ट्यावर बसून राहायचे आणि क्रिकेटचं धावतं वर्णन केल्यासारखा एकेक आकडा वाचायचे. "तीन आट! वा रं पठ्ठ्या!" आकडा पडला की, "तीन तीन! काय पाव्हनं, गाईला निसतं वाढंच चारताय का?" उसाच्या शेंड्याचा ओला पाला, म्हणजे वाढं, जास्त झालं की फॅट पडतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. ज्याचा आकडा पडला तोही हसायचा आणि दुसऱ्या दिवशी गाईला पेंड वाढवायचा.

माझ्या एक चुलत सासूबाई आहेत, त्यांना मी आत्याबाई म्हणते. घरात त्या आणि त्यांची एकच गाय. गाय गुणाची, लाथ मारत नाही, दूधही बरं देते, पण फॅट कायम खाली. पेंड घालून झाली, औषध पाजून झालं, डॉक्टर म्हणाले, तिची जातच तशी. एकदा त्यांचा आकडा उमटला आणि भाऊजी ओरडले, "आत्याबाईचं दूध आलं, चष्मा लावा रं, न्हाई तर पानी म्हनून पिऊन टाकाल!" सगळे हसले. मी आतून ओरडले, "भाऊजी, तोंड आवरा," पण बाण सुटून गेला होता. आत्याबाईही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या सगळ्यांच्या शेवटी यायला लागल्या. रांग संपायची, कट्टा रिकामा व्हायचा, ह्यांच्या हातात कॅन धुवायचा ब्रश यायचा, तेव्हा कोपऱ्यावरून त्यांची किटली दिसायची. बोर्डावर त्यांचा आकडा उमटायचा तो रिकाम्या अंगणासाठी.

माझी लेक पुण्यात नोकरी करते. मोबाईलचे पडदे कसे दिसावेत, कुठलं बटण ठेवावं, कुठलं काढावं, हे ठरवायचं तिचं काम. तिचं म्हणणं असं की जे काढून टाकलं तरी अडत नाही, ते मुळात नकोच. हे तत्त्व तिनं एका सुट्टीत माझ्या स्वयंपाकघरालाही लावलं होतं. ती परत गेल्यावर मी पितळी डबे माळ्यावरून उतरवले आणि पुन्हा जागच्या जागी मांडले. तिला अजून सांगितलेलं नाही.

यंदा दिवाळीला ती आली ती तिचा लॅपटॉप माझ्यासाठी घेऊनच. ऑफिसनं तिला नवा दिला होता, मग हा आईला. रुपेरी, वहीएवढा पातळ. मी एका हातानं उचलला आणि खरं सांगते, हरखले. लेकीनं आपली वस्तू आपल्याला द्यावी याचं सुख वेगळंच असतं. त्याचा पडदा विटेशिवाय उभा राहायचा. सगळी बटणं जागेवर. लाइट गेली तरी याला पत्ता नाही. आमच्याकडे लाइटीचा जो तमाशा चालतो तो पाहता एवढ्या एका गुणासाठी मी त्याला ओवाळलं असतं.

मग मी त्याच्या कडेनं हात फिरवला. एका अंगाला दोन बारीक भोकं, दोन्ही सारखीच. दुसऱ्या अंगाला काही नाही. मागे काही नाही.

"बाकीची कुठं गेली?" मी विचारलं.

"काढून टाकली आई. आता लागत नाहीत ती."

"कोणाला?"

ती हसली. मी गंमत करत नव्हते.

शेवगावहून मशीन बसवणाऱ्याला बोलावलं. त्यानं लॅपटॉप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "म्याडम, ह्याला जोडायचं कुठं? समदीकडनं गुळगुळीतच हाय." लेकीनं पिशवीतून एक हब काढला, म्हणजे एका वायरीला चार भोकांची पट्टी. एका भोकात चार्जर गेला, दुसऱ्यात त्या हबची छोटी वायर, आणि हबला काटा, मशीन, प्रिंटर, माऊस. मी त्याचं नाव शेपटी ठेवलं. शेपटी भरली आणि बोर्डाची पिनांची वायर त्या माणसाच्या हातातच राहिली. हिच्यासाठी वेगळा कन्व्हर्टर लागेल, नगरला बघावा लागेल, असं तो म्हणाला. पाट्यांवर अहिल्यानगर आलं तरी आमच्या तोंडात अजून नगरच आहे.

"पण बोर्ड हवाच कशाला?" लेक म्हणाली. "मेसेज जातोच की प्रत्येकाच्या मोबाईलवर. आणि आई, एकाच्या गाईचं फॅट सगळ्या गावाला का कळायला हवं? त्यांची खासगी गोष्ट आहे ती."

मला आत्याबाईंची किटली आठवली. मी म्हणाले, "काढ."

तिनं मग खोलीच पालटली. वायरी पांढऱ्या नळीत घालून भिंतीला चिकटवल्या. फॅट मशीन टेबलावरून उचलून माझ्या पाठीमागच्या फळीवर ठेवलं. टेबलावर उरला तो नुसता लॅपटॉप आणि प्रिंटर. बोर्ड गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेला. खोली अशी दिसायला लागली की दूध घालायला आलेली माणसं चपला बाहेर काढायला लागली. लेक पुण्याला गेली आणि मी दोन दिवस ते टेबलच पुसत होते.

आणि आत्याबाई लवकर यायला लागल्या. रांगेच्या मधोमध, चारचौघींशी बोलत. किटली रिकामी झाली की कट्ट्यावर टेकायच्या, मी आतून कपभर चहा द्यायचे. भाऊजींच्या त्या चेष्टेनंतर त्यांना मी असं चारचौघांत बसलेलं पाहिलं नव्हतं. लेकीला फोन करून सांगितलं, "बये, तू लई पुण्याचं काम केलंस." ती खूश झाली. मीही होते.

पण हळूहळू अंगणातला आवाज कमी झाला. बघायला आकडा नाही, मग थांबायचं कशाला? दूध घातलं, खिशात मोबाईल वाजला, माणूस चालता झाला. कोणी कोणाला हसेना. कोणी कोणाला पेंडीचं विचारेना. भाऊजी दोन-तीन दिवस कट्ट्यावर बसले, रिकाम्या खिळ्याकडे बघत, मग तेही बसेनात. आणि कुठूनशी कुजबुज सुरू झाली. बोर्ड का काढला? चांगला चालता बोर्ड कोणी उगाच काढतं का?

मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आणखी एक केंद्र आहे. एका सकाळी भाऊजींची गाडी मागे सहा कॅन बांधून आमच्या दारावरून पुढे गेली. मी तशीच रस्त्यावर आले, पण गाडी थांबली नाही, मग संध्याकाळी त्यांना गाठलं.

"वहिनी, तुमच्यावर अविश्वास न्हाई माझा," ते म्हणाले. "पन आकडा डोळ्याला दिसला पायजे."

"मेसेज येतो ना?"

"मेसेज तुमीच धाडता."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं आमच्या काट्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं. पावसात, लग्नसराईत, घरात ताप असताना आम्ही दोघांनी एकदाही दूध परत पाठवलं नव्हतं. मी त्यांना नाही नाही ते बोलले. म्हणाले, जायचं तर जा, आणि जाताना तुमचा तो भोंगाही घेऊन जा. भाऊजींच्या मागोमाग आणखी काही घरं गेली. आमचे हे कमी बोलणारे. रात्रीचं ताट पुढे असताना म्हणाले, "आपल्या केंद्राला दुसरं काय हाय? निसतं नाव हाय. ते गेलं तर रिकामे कॅन धूत बसू." मला त्यांचाही राग आला, कारण ते खरं बोलत होते. पण बोर्ड परत लावायचा म्हणजे लेकीची भेट मोडीत काढायची आणि आत्याबाईंना पुन्हा शेवटी ढकलायचं. मी हट्टाला पेटले. बोर्ड माळ्यावरच राहू दिला.

त्यानंतरच्या एका सकाळी ऐन गर्दीत लाइट गेली. पंखा थांबला, प्रिंटर थांबला, मागचं मशीनही विझलं. लॅपटॉप मात्र उजळलेला. थोड्या वेळात लाइट आली, सगळं पुन्हा सुरू झालं, आणि मी ह्यांना म्हणाले, "बघितलं? जुना असता तर परत पहिल्यापासून चालू करावं लागलं असतं." रांग संपली, टँकर दूध घेऊन गेला.

दुपारी मी धान्य निवडत बसले होते तेव्हा आत्याबाई आल्या. दुपारी त्या कधी येत नाहीत. पदराच्या टोकाला बांधलेला मोबाईल सोडून त्यांनी माझ्यापुढे धरला. साधा, बटणांचा मोबाईल. आकडे त्यांना वाचता येतात.

"सूनबाई, हे बग."

फॅट चार एक.

"माजी गाय काय म्हैस झाली का?" त्या म्हणाल्या.

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आदी लई बरं वाटलं. वाटलं, कुनाला तरी दाखवावं. घरात दुसरं हाय कोन, गाईलाच दाखवलं. मग मनात आलं, कुनाचं तरी कमी करून मला दिलंय का काय. ही माजी गाय हाय, मला म्हाईत हाय तिचं. तुजं यंत्र खोटं बोलतंय."

आमचे हे प्रत्येकाच्या दुधाचा थोडा नमुना पुढच्या वेळेपर्यंत बाटलीत राखून ठेवतात, फार पूर्वीपासूनची त्यांची सवय. मी आत्याबाईंची बाटली काढली आणि मशीनला लावली. या खेपेला मान वळवून मागच्या फळीवर बघितलं. मशीनच्या स्वतःच्या छोट्या काचेवर तीन एक. माझ्यासमोर, त्या सुंदर पडद्यावर, चार एक. दुसऱ्याची बाटली लावली. मागे तीन सात, पुढे चार एक. तिसऱ्याची लावली. पुढे चार एकच.

लाइट गेली तेव्हा मशीन विझलं आणि शेपटीतून त्याचा धागा तुटला. जुना लॅपटॉप त्याच्याबरोबरच मेला असता, दोघं बरोबरच उठले असते आणि एकमेकांना ओळखलं असतं. नवा जागाच राहिला, शेवटचा ऐकलेला आकडा धरून. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला त्यानं तोच दिला. गर्दीत मी नावामागून नाव दाबत होते, आकड्याकडे बघत नव्हते, आणि मशीनपाशी उभ्या ह्यांना माझा पडदा दिसत नव्हता. कोणाला चढा, कोणाला पडका. ज्याला चढा मिळाला तो मनात खूश, ज्याला पडका मिळाला तो मनात धुमसत, आणि दोघंही आपापला मोबाईल खिशात घालून आपापल्या घरी. बोर्ड असता तर दुसऱ्याच माणसाला भाऊजी ओरडले असते, अरे, ह्याचा पन चार एक? लोक पुढच्याचा आकडा बघायला का थांबायचे, ते मला त्या दुपारी कळलं.

लेकीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, मी दिलं ते चुकलं का?"

मी म्हणाले, "नाही गं. ते एकट्यानं, दार लावून, एका माणसानं काम करायचं यंत्र आहे. तुझ्या टेबलावर त्याचं काही अडलं नाही. माझ्या टेबलावर गाव येऊन बसतं." ती म्हणाली, हे ती तिच्या ऑफिसात सांगणार आहे. सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पुढे तिनंच तो पिनांचा कन्व्हर्टर शोधून कुरिअरनं पाठवला. आज तोच रुपेरी लॅपटॉप केंद्रात आहे, त्याच्या शेपटीला दुसरी शेपटी लागली आहे, मशीन पुन्हा डोळ्यांसमोर आलंय, आणि टेबल पूर्वीसारखंच गबाळं दिसतं. मला आवडतं.

पण त्या संध्याकाळी कन्व्हर्टर कुठला? हे माळ्यावर चढले. गोणपाटातून बोर्ड काढला, धूळ झटकली, खिळ्यावर टांगला. जुना गोठा आला, त्याच्या पाठीला वीट आली, पाच भोकांत पाच वायरी गेल्या. मी घराघरांत निरोप धाडला की सकाळची सगळी दुधं पुन्हा लावणार आहे, ज्याला बघायचं त्यानं यावं. सगळे आले. पलीकडच्या केंद्रावर गेलेलेही आले. भाऊजी तर सगळ्यांत आधी, आपल्या कट्ट्यावर.

मी दारात उभी राहिले आणि झालं ते सांगून टाकलं.

"मंजी समद्यांना येकच फॅट?" भाऊजी म्हणाले. "आन येकालाबी कळलं न्हाई?"

"एकीला कळलं," मी म्हणाले.

नाव घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. पण कोपऱ्यावरून आत्याबाई चालत आल्या, गर्दीतून वाट काढत थेट माझ्यापर्यंत. म्हणाल्या, "माजी बाटली पयली लाव."

मी त्यांच्या कानाशी लागले. "आत्याबाई, तुमची शेवटी लावते. लोक गेल्यावर."

"पयली लाव," त्या म्हणाल्या. "समदी हायेत तवर."

मी आत गेले. ह्यांनी बाटली मशीनला लावली. आम्ही दोघं त्या काचेकडे बघत राहिलो. मग मी नख रुतवून बटण दाबलं आणि बाहेर लाल आकडे उमटले. दारातून मला आत्याबाईंची पाठ दिसत होती आणि त्यांच्यापलीकडे भाऊजींचं तोंड, सवयीनं उघडलेलं.

त्यांच्याआधी आत्याबाईच ओरडल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून, अगदी भाऊजींच्याच सुरात. "तीन येक! बगा रं, चष्मा लावून बगा!"

मग भाऊजी कट्ट्यावरून उठले, टोपीनं जागा झटकली आणि बाजूला सरून म्हणाले, "बसा आत्याबाई. झालं तुमचं."

"झालं कुठं?" आत्याबाई म्हणाल्या. रिकामी किटली हातात धरून त्या बोर्डाखाली तशाच उभ्या राहिल्या. "थांब. पुढच्याचा आकडा दिसू दे."

ह्यांनी पुढची बाटली लावली.